हांसीचा जहाजसाहेब

विरारहून पश्चिमेस आगाशीच्या वाड्या मागे टाकीत जो रस्ता अर्नाळ्याच्या किनाऱ्यास लागतो, त्याच्या शेवटी उभे राहिले म्हणजे समोरच्या बेटावरील किल्ल्याचे बुरूज दिसतात. आणि या भागात वाढलेल्या माणसास इतिहास म्हटला की प्रथम हे बुरूज आणि दक्षिणेकडील वसईचा कोट हीच दोन ठिकाणे आठवतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली तेव्हापासून १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेईपर्यंतच्या दोन शतकांत समुद्रावरून आलेले किती तरी फिरंगी शिपाई आणि खलाशी या पट्ट्यात गावे मिळवून, येथेच संसार थाटून, भातशेतीचे आणि बागायतीचे धनी होऊन बसले. त्यांच्या पाठीशी लिस्बनचा राजा होता, गोव्याचा विजरई होता, आणि पाठ राखावयास आरमार होते. परंतु ज्याच्या पाठीशी यांपैकी काहीएक नव्हते, आणि ज्याने समुद्रापासून शेकडो कोस दूर, मराठ्यांच्या उत्तरेकडील सत्तेच्या अगदी कडेवर, उजाड मुलुखात वस्ती करून चार वर्षे स्वतंत्र राज्य केले, अशा एका आयरिश खलाशाची हकिगत मराठी वाचकांस क्वचितच सांगितली जाते. इंग्रजांनी ती आपल्या एका धाडसी पुरुषाची कथा म्हणून लिहिली. माझ्या मते ती मराठ्यांच्या इतिहासातील एक प्रकरण आहे, कारण या माणसास भूमी दिली ती एका मराठी सरदाराने, आणि त्याला त्या भूमीवरून उठविले तेही मराठ्यांच्याच फौजेने.

जॉर्ज टॉमस हा आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात रॉस्क्री गावी १७५६ च्या सुमारास जन्मला. घरची अत्यंत गरिबी, त्यात बाप घोड्यावरून पडून मेला. तेव्हा पोरसवदा वयातच तो यॉल बंदरात हमालीच्या कामास लागला. त्या काळी इंग्रज आरमाराचे लोक बंदरातील धडधाकट माणसांना बळजबरीने धरून जहाजावर चढवीत असत, तसेच त्याचे झाले. १७८१-८२ च्या सुमारास, कर्नाटकात हैदरअल्लीशी युद्ध पेटलेले असताना, त्याचे जहाज मद्रासेस लागले आणि टॉमस त्यावरून पळाला. पळालेल्या खलाशास इंग्रजी अमलात शिक्षेवाचून दुसरे काही मिळणे शक्य नव्हते. म्हणून तो किनाऱ्यापासून आत, डोंगराळ मुलुखातील पाळेगारांच्या आश्रयास गेला, तेथे काही वर्षे राहिला, पुढे थोडे दिवस निजामाकडे गोलंदाजी केली, आणि तेथून उत्तरेची वाट धरून १७८७ मध्ये दिल्लीस पोहोचला. अंगापिंडाने तो विलक्षण उंच आणि बळकट होता. लिहिण्यावाचण्याचा अभ्यास बेताचा. परंतु देशी भाषा त्याने इतक्या आत्मसात केल्या की, आयुष्याच्या अखेरीस आपली हकिगत सांगण्याची वेळ आली तेव्हा मातृभाषेपेक्षा फारशीतून सांगणे आपणास सोपे जाईल असे तो म्हणाला.

दिल्लीच्या आसमंतात त्या वेळी ज्यास कवाईत येते आणि तोफ डागता येते अशा युरोपियनास चाकरी शोधावी लागत नसे. मेरठजवळील सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू ही स्वतः एका युरोपियन सरदाराची विधवा. नवऱ्याच्या पश्चात त्याच्या पलटणी तिने मोठ्या हिमतीने सांभाळल्या होत्या. तिने टॉमसला ठेवून घेतले. १७८८ साली शाहआलम बादशहा नजफकुलीखानावर चालून गेला असता गोकुळगडाजवळ शत्रूने त्याच्या छावणीवर अचानक छापा घातला आणि खाशा डेऱ्यापर्यंत धामधूम झाली. त्या प्रसंगी बेगमेच्या पलटणीने आणि टॉमसच्या तोफेने बादशहाचा जीव वाचविला. बेगमेचा त्याच्यावर लोभ जडला, एका परगण्याचा कारभारही तिने त्याच्या हाती दिला. पण दरबारात एका फ्रेंच अधिकाऱ्याचे प्रस्थ वाढले, तेव्हा १७९२ मध्ये टॉमसने सरधना सोडले आणि गंगेकाठी अनूपशहर येथे इंग्रजांच्या ठाण्याच्या आसऱ्यास जाऊन पुढील वाट पाहत राहिला.

आता या कथेत ते मराठी नाव येते, ज्याच्यासाठी मी ही कथा सांगावयास घेतली. आपा खंडेराव हा महादजी शिंद्यांच्या जुन्या सरदारांपैकी. १७८५ च्या बुंदेलखंडच्या स्वारीत सेनापती म्हणून तोच होता, आणि पुढे ज्याच्या कवाईती कंपूंनी सारा हिंदुस्थान दणाणून गेला त्या डी बॉइनच्या पहिल्या दोन पलटणी याच सरदाराच्या हाताखाली प्रथम रणात उतरल्या. अशा माणसास कवाईती फौजेचे महत्त्व निराळे सांगावयास नको होते. दिल्लीच्या नैर्ऋत्येस मेवातच्या बंडखोर मुलुखाची मामलत त्याच्याकडे होती, तेथील वसुलीसाठी त्यास पलटण हवी होती. मात्र ती पोसावयास रोकड नव्हती. १७९३ मध्ये टॉमस त्याच्याकडे रुजू झाला तेव्हा आपाने त्यास पगाराऐवजी तिजारा, टपूकडा आणि फिरोजपूर हे परगणे लावून दिले. मुलूख तुझा, वसूल करता आला तर कर, आणि त्यातून फौज उभी कर, असा हा करार होता.

या एका व्यवस्थेत पुढील सर्व घटनांचे बीज आहे, म्हणून येथे क्षणभर थांबले पाहिजे. फौजेच्या बेगमीस मुलूख लावून देण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच होती. सरंजामाचे सारे शास्त्र तिच्यावरच उभे होते. परंतु महादजींनी डी बॉइनला दुआबातील जो मुलूख लावून दिला तो सुपीक होता, त्याचा हिशेब चोख ठेवला जाई आणि शिपायांचा रोजमुरा वेळच्या वेळी मिळे. म्हणून त्या पलटणी पाय रोवून लढत. आपा खंडेरावाच्या वाट्यास मेवात आले होते. तेथे पेरणीच्या वेळी नांगर आणि कापणीच्या वेळी तोफ, अशी दोन्ही हत्यारे घेऊन जावे लागे. अशा मुलुखाचा वसूल एखाद्या परक्यास तोडून दिला म्हणजे सरकारचा खर्च वाचतो हे खरे. पण ज्याच्या हाती वसूल, त्याच्या हाती शिपाई, आणि ज्याच्या हाती शिपाई, तो आज ना उद्या सरकारास जुमानीनासा होतो, हेही तितकेच खरे.

तिजाऱ्यास पहिल्याच रात्री टॉमसला आपल्या नव्या प्रजेची ओळख पटली. मेवाती चोरांनी छावणीच्या ऐन मध्यातून त्याचा घोडा सोडून नेला. सकाळी माग काढीत गेलेल्या तुकडीस एका गावाने झोडपून परत पाठविले. तेव्हा टॉमस स्वतः निघाला. सभोवार उंच गवत आणि झाडी. शत्रूची संख्या मोठी. त्याचे बहुतेक लोक पहिल्या माऱ्यातच फुटून पळाले आणि जवळ राहिले थोडके शिपाई नि एक तोफ. त्या एका तोफेवर त्याने जम धरला, मेवाती अगदी निकट येईतो वाट पाहिली आणि मग बत्ती दिली. लढाई जिंकली असे म्हणवत नाही, पण गावकऱ्यांस माणूस कोणत्या जातीचा आहे ते कळले. त्यांनी चोरीचा माल परत केला, वर्षाचा वसूल भरला आणि जामीन दिले. परगण्यातील इतर गावेही मग हळूहळू रुजू झाली.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजींचे देहावसान झाले, आणि उत्तरेतील प्रत्येक लहानमोठ्या सरदाराच्या पायाखालची जमीन हलली. आपा खंडेरावाच्या शिपायांचे पगार थकलेले होतेच. त्यांनी धरणे धरले, मग मालकालाच कोंडले. टॉमस रात्री धावून आला, त्याने आपास त्या गराड्यातून सोडविले आणि कानोडच्या किल्ल्यात सुखरूप नेऊन पोहोचविले. त्यावर आपाने त्यास पुत्र मानून हत्ती व पालखी दिली आणि झज्जर, बेरी वगैरे परगणे लावून दिले. याच सुमारास टॉमसने झज्जरनजीक स्वतःचा किल्ला बांधला. लोक त्यास जहाजगड म्हणू लागले आणि त्याच्या धन्यास जहाजसाहेब. त्या नावाचे गाव आजही तेथे आहे.

आपा आणि टॉमस यांचा संबंध शेवटपर्यंत विलक्षण राहिला. आपाच्या कारभाऱ्यांस या परक्याचा मत्सर वाटे, आणि खुद्द आपाच्या मनातही त्याच्याविषयी संशय उभा राही व मावळे. एकदा तर टॉमसच्या जिवावरच बेतविण्याचा घाट घातला गेला. तरी त्याने आपाची चाकरी टाकली नाही. डी बॉइनसारखा माणूस तेव्हा ऐन वैभवात होता, इंग्रजांचा उदय डोळ्यांसमोर होता, आणि टॉमसला दुसरे धनी मिळाले असते. मला वाटते, रॉस्क्रीच्या बिनबापाच्या त्या पोराला ‘मुलगा’ म्हणणारा पहिला माणूस हा मराठी सरदारच असावा, आणि ते नाते टॉमसने आपाहून अधिक मनावर घेतले. १७९७ मध्ये दुखण्याने आणि विवंचनेने गांजलेल्या आपाने यमुनेत उडी घेऊन प्राण दिला. त्याचा पुतण्या वामनराव गादीवर आला, त्याने झज्जरचे परगणे परत मागितले, आणि टॉमस व मराठे यांच्यामधील जो काही जिव्हाळ्याचा धागा होता तो तेथेच तुटला.

याच्या दोन वर्षे आधी सरधन्यास जे घडले तेही सांगितले पाहिजे. ज्या फ्रेंच अधिकाऱ्यापायी टॉमसला बाहेर पडावे लागले, त्याच्याशी बेगमेने गुप्तपणे विवाह केला होता. १७९५ मध्ये पलटणींनी बंड केले, पळून जाताना त्या नवऱ्याने स्वतःस गोळी घालून घेतली, आणि जखमी बेगमेस शिपायांनी तोफेस बांधून ठेवले. तिने मदतीसाठी टॉमसला लिहिले. जुना अपमान विसरून तो गेला आणि त्याने तिला पुन्हा तिच्या मसनदीवर बसविले. या उपकाराची फेड बेगमेने पुढे टॉमसच्या बायकामुलांस आश्रय देऊन केली.

वामनरावाशी फाटल्यावर टॉमसची नजर वळली ती झज्जरच्या पश्चिमेस. घग्गर नदीपासून राजपुतान्याच्या वाळवंटापर्यंत पसरलेला हरियाणाचा प्रदेश त्या वेळी खरोखर कोणाचाच नव्हता. दिल्लीचा बादशहा, शिंदे, शीख सरदार, बिकानेरचे राठोड, भट्टी लोक, या सर्वांचा त्यावर हक्क होता आणि कोणाचाच अंमल नव्हता. १७८३ च्या दुष्काळाने, ज्याला तिकडे चालिसा म्हणतात, गावेच्या गावे ओस पडली होती. पृथ्वीराज चौहानाच्या काळापासून नावाजलेली हांसी नगरी उद्ध्वस्त होऊन तिचा जुना कोट तेवढा टेकाडावर शिल्लक होता. टॉमस तेथे पोहोचला तेव्हा त्या नगरीत वस्ती म्हणून एक फकीर आणि दोन सिंह एवढेच होते, असे सांगतात.

याच ठिकाणी त्याने राजधानी केली. कोटाची डागडुजी केली, विहिरी उपसल्या, आणि जो कोणी येऊन राहील त्यास संरक्षणाचा कौल दिला. थोड्याच काळात पाच-सहा हजार माणसे येऊन वसली. टांकसाळ घालून स्वतःच्या नावाने रुपया पाडला, आणि तो त्याच्या मुलुखात व फौजेत चालू लागला. तोफा ओतण्याचा कारखाना काढला. बंदुका, तोडे आणि दारू तेथेच होऊ लागली. नव्या राज्याच्या तेजीच्या काळी सुमारे अडीचशे गावे आणि पावणेतीन-तीन लाखांचा वसूल त्याच्या हाताखाली होता. झज्जरकडील परगणे तो मराठ्यांचे म्हणून सांभाळी. हांसी मात्र त्याची स्वतःची होती. तिच्यासाठी त्याने कोणाची सनद घेतली नाही. एक गोष्ट येथे विशेष नमूद करावीशी वाटते. लढाईत मेलेल्या शिपायाच्या विधवेस आणि मुलांस, तसेच जायबंदी झालेल्यास, त्याने नियमित तैनात लावून दिली होती. उत्तरेतील कितीएक फौजा त्या काळी जिवंत शिपायाच्या पगारासाठी रडत होत्या. तेथे मेलेल्यांच्या पोरांचा विचार करणारा हा माणूस रयतेस आपला धनी वाटला तर त्यात आश्चर्य काय! तो दयाळू होता असे मात्र कोणी समजू नये. गाव वसूल देईना तर तो जाळी, शेजारचा मुलूख लुटून आणलेल्या पैशावर त्याची पलटण जगे, आणि दारू चढली म्हणजे त्याच्या संतापास सीमा नसे.

शेजाऱ्यांशी त्याची युद्धे सतत चालू होती. त्यांपैकी फत्तेपूरची मोहीम तेवढी जरा विस्ताराने सांगतो. १७९९ च्या प्रारंभी वामनरावाने जयपूरकडून थकलेली खंडणी वसूल करण्यासाठी टॉमसशी पुन्हा सलोखा केला, आणि दोघे मिळून शेखावाटीच्या वाळूत शिरले. राजपुतांनी वाटेवरील विहिरी बुजवीत नेल्या. दिवसभर घोट्याएवढ्या वाळूतून चालून फौज फत्तेपूरजवळ आली तेव्हा शहराबाहेरची शेवटची विहीर बुजविण्याचे काम चालू होते. टॉमसच्या स्वारांनी तेथे झडप घातली आणि ती विहीर वाचविली. त्या एका विहिरीवर सबंध सैन्याचे प्राण अवलंबून होते. शहर हाती आल्यावर खंडणीच्या आकड्याविषयी घासाघीस करण्यात दिवस गेले आणि जयपूरच्या राजाची मोठी फौज येऊन ठेपली. खंदक खणावा तर वाळू ढासळते; तेव्हा टॉमसने आसपासची काटेरी झाडे तोडवून छावणीच्या पुढे त्यांची रांग लावली, फांद्या दोरांनी एकमेकींत गुंतवून त्यांवर वाळूचा भार टाकला, आणि त्या काटेरी कुंपणामागे तोफा मांडल्या. लढाईच्या दिवशी राठोडांचे आणि जयपूरकरांचे घोडेस्वार पुन्हा पुन्हा चालून आले आणि छर्‍यांच्या माऱ्यापुढे परतले. टॉमसचा इंग्रज साहाय्यक मॉरिस जखमी झाला, तोफा काही वेळ शत्रूच्या हाती जाऊन पुन्हा मिळाल्या. वामनरावाचे घोडदळ मात्र या साऱ्या धुमाळीत दूर उभे होते. अखेर बिकानेरची कुमकही शत्रूस मिळाली, दाणागोटा संपला, आणि टॉमसला त्याच निर्जल वाळूतून लढत लढत माघार घ्यावी लागली. पराभव कोणाचाच झाला नाही. फक्त माणसे मेली.

त्याच वर्षी तो अंबूजी इंगळ्यांच्या बाजूने मेवाडात लखबादादा लाडाविरुद्ध उतरला. महादजींच्या विधवा आणि दौलतराव यांच्या त्या घरभांडणात, जिथे मराठे मराठ्यांविरुद्ध तलवार उपसून उभे होते, तिथे एका परक्याने कोणाचा पक्ष न्याय्य हे ठरवावे अशी अपेक्षाच गैर होती. तो पैसे देईल त्याच्याकडून लढला. उत्तरेकडे त्याने जिंदला वेढा दिला, तेव्हा पटियाळ्याच्या राजाची शूर बहीण साहिबकौर ही स्वतः फौज घेऊन त्याच्यावर चालून आली. पुढे तो सतलजेपर्यंत धडकला. या काळात सारा पंजाब जिंकण्याचा बेत त्याच्या मनात घोळत होता, आणि कंपनी सरकारने पाठिंबा दिल्यास तो मुलूख इंग्लंडच्या राजाच्या चरणी वाहण्याची तयारी त्याने कलकत्त्यास कळविली होती. ज्या आरमारातून पळाला त्याच्याच राजाला राज्य अर्पण करावयास निघालेल्या या माणसाचे मन समजावून घेणे सोपे नाही. परंतु इंग्रजांनी त्या वेळी त्याच्या पत्रास प्रतिसाद दिला नाही.

संकट आले ते अलीगडहून. डी बॉइन १७९६ मध्ये स्वदेशी गेल्यावर शिंद्यांच्या कवाईती फौजेची मुख्यत्यारी पेरॉन या फ्रेंच माणसाकडे आली होती. आपल्या बखरींत आणि पत्रांत ज्याचा पिरूसाहेब म्हणून उल्लेख येतो तो हाच. हा पेरॉनही खलाशीच. १७८० मध्ये एका फ्रेंच जहाजावरून मलबारच्या किनाऱ्यास आला आणि तेथून पळाला. पुढे कानोडच्या वेढ्यात, ज्या कानोडला टॉमसने आपास नेऊन ठेवले होते, त्याच किल्ल्यापुढे त्याचा एक हात गेला. आता तो दिल्ली-आग्र्याचा खरा धनी झाला होता, आणि हांसीतील स्वतंत्र राज्य हा त्याच्या अधिकारास सततचा उपमर्द वाटत होता. शीख सरदारांचे वकील त्याच्याकडे तक्रारी आणि पैशांची आश्वासने घेऊन येत होतेच. ऑगस्ट १८०१ मध्ये बहादूरगडास दोघे भेटले. झज्जरचे परगणे सोडावेत, पलटणी शिंद्यांच्या सेवेत आणाव्यात आणि मोठ्या दरमाह्यावर राहावे, असे बोलणे होते. टॉमसने शिंद्यांची चाकरी नाकारली नसती. फ्रेंचाच्या हाताखाली राहणे मात्र त्याने साफ नाकारले.

येथे मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाने कॅलेंडर समोर ठेवावे. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनीजवळ दौलतराव शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडविला होता. दौलतराव माळव्यात अडचणीत होते, पेरॉनकडून कुमक मागत होते. आणि ऐन त्याच शरद ऋतूत पेरॉनच्या कंपूंचा मोठा भाग दिल्लीच्या पश्चिमेस एका खलाशाचे राज्य मोडण्यात गुंतला होता. पेरॉनने मुद्दाम दिरंगाई केली हा आरोप त्याच्यावर त्या वेळीच केला गेला. तो मला निराधार वाटत नाही. ज्याच्या हाती दुआबाचा वसूल होता, त्याला धन्याच्या संकटापेक्षा आपला शेजारी निपटणे अधिक निकडीचे वाटले. आपा खंडेरावाने मेवातात जे लहान प्रमाणावर केले होते, तेच शिंद्यांच्या दरबाराने अलीगडास मोठ्या प्रमाणावर केले होते, आणि फळही तेच मिळाले.

सप्टेंबरच्या अखेरीस पेरॉनचा सरदार लुई बूर्कँ जहाजगडापुढे आला आणि त्याने, कोणतीही टेहळणी न करता, पलटणी सरळ वाळूतून तोफांच्या तोंडी घातल्या. संध्याकाळपर्यंत त्याची हजाराहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली होती. सारी फौज थकून, तहानेने व्याकूळ होऊन पडली होती. त्या रात्री टॉमसने हल्ला केला असता तर बूर्कँची फौज उरली नसती, असे पुढे शत्रुपक्षाकडूनच कबूल करण्यात आले. परंतु टॉमसचा सर्वांत विश्वासू अधिकारी हॉपकिन्स त्या दिवशी तोफेच्या गोळ्याने पाय तुटून पडला होता. टॉमसने स्वतःस डेऱ्यात कोंडून घेतले आणि कित्येक दिवस मद्यात बुडवून टाकले. ती संधी पुन्हा आली नाही. शत्रूस कुमक आली, चहूकडून नाकेबंदी झाली, जहाजगडात धान्य संपले, फितुरी सुरू झाली. आणि नोव्हेंबरमधील एका रात्री टॉमस थोड्या स्वारांनिशी वेढा फोडून आडवाटांनी हांसीस गेला. मागे राहिलेल्या पलटणींनी हत्यारे खाली ठेवली.

हांसीचा वेढा एका महिन्याहून अधिक चालला. शहराच्या गल्ल्यांतून हातघाई झाली. त्यांत शत्रूकडील रॉबर्ट स्किनर आणि टॉमस यांची तलवारी उपसून प्रत्यक्ष गाठ पडली, आणि अंगावरच्या चिलखतामुळे टॉमस वाचला. मग बाणांस चिठ्ठ्या बांधून त्या कोटात सोडण्यात येऊ लागल्या: थकलेला पगार देऊ, धन्यास आमच्या हाती द्या. बूर्कँच्या हाताखालील अधिकाऱ्यांसच हा प्रकार लाजिरवाणा वाटला. त्यांच्या आग्रहामुळे टॉमसला सन्मानाच्या अटी देण्यात आल्या, आणि १८०२ च्या पहिल्या दिवशी तो आपला कुटुंबकबिला आणि खासगी चीजवस्त घेऊन हांसीबाहेर पडला.

त्यास परत आयर्लंडला जावयाचे होते. गंगेतून होडीने कलकत्त्याकडे जाताना वाटेत काशीस त्याची गव्हर्नर जनरल वेलस्लीशी भेट झाली, आणि विल्यम फ्रँकलिन या कंपनीच्या कप्तानाने त्याची सारी हकिगत लिहून घेतली. पण बंगालमध्ये बहरामपुरास तापाने त्यास गाठले, आणि २२ ऑगस्ट १८०२ रोजी, सेहेचाळीस वर्षांच्या आसपासच्या वयात, तो वारला. त्याची कबर तेथेच आहे.

यानंतर चार महिन्यांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, हडपसरच्या लढाईनंतर पुण्याहून पळून समुद्रमार्गे आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला. त्या तहाची शिक्षा दौलतरावांस पुढील वर्षी भोगावी लागली. सप्टेंबर १८०३ च्या प्रारंभी इंग्रज सेनापती लेकने अलीगड घेतले. पेरॉनने धन्यास सोडून आपल्या ठेव्यासह इंग्रजांचा आश्रय घेतला. ११ सप्टेंबरास दिल्लीसमोर बूर्कँ हरला. आणि डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दुआब आणि दिल्लीचा मुलूख मराठ्यांच्या हातून कायमचा गेला. पेरॉन फ्रान्सला परतून १८३४ पर्यंत सुखाने जगला. एका खलाशाने आपले राज्य शेवटच्या दिवसापर्यंत लढविले आणि दुसऱ्याने दुसऱ्याचे राज्य पहिल्या आठवड्यात टाकून दिले. शिंद्यांच्या दरबाराने मुख्यत्यारी दिली होती ती या दुसऱ्यास. टॉमस शिंद्यांस निष्ठावंत राहिला असता असे मी म्हणत नाही. पण पश्चिम सीमेवरील एक कडवी फौज, जिला वेळच्या वेळी पगार मिळाला असता तर इंग्रजांपुढे ती उभी राहण्याचा निदान संभव होता, ती आपणच मोडली, आणि तीही अशा माणसाच्या हाताने की ज्यास आपले हित आणि दौलतीचे हित यांत फरक करावासा वाटला नाही.

जॉर्ज टॉमसविषयी आपण जे जाणतो ते मुख्यतः १८०३ साली कलकत्त्यास छापलेल्या फ्रँकलिनच्या ग्रंथावरून आणि १८९२ च्या हर्बर्ट कॉम्प्टनच्या पुस्तकावरून. त्यात आपा खंडेराव दिसतो तो एका लहरी, कर्जबाजारी, संशयी मालकाच्या रूपाने. कारण सांगणारा त्याचा नोकर आहे आणि लिहिणारा इंग्रज. महादजींच्या विश्वासातील हा सरदार स्वतः काय लिहीत होता, त्याचे कारकून कोणते हिशेब ठेवीत होते, पालखी दिलेल्या ‘मुलाविषयी’ तो पुण्यास काय कळवीत होता, हे मोडीत लिहिलेल्या कागदांतूनच कळावयाचे. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी दिल्ली येथील मराठ्यांच्या राजकारणांचे कागद प्रसिद्ध केले, त्या जातीचे काम अद्याप पुष्कळ उरले आहे. वसईच्या सुभ्यात चिमाजीअप्पांच्या पाठोपाठ घाटावरून येऊन स्थायिक झालेली, आणि ग्वाल्हेर, झाशी, सागर, दिल्लीकडे आप्तसंबंध असलेली किती तरी घराणी आज विरार, आगाशी, वसई, नालासोपारा या भागांत आहेत. त्यांच्या माळ्यांवर, पेट्यांत, देवघरातील कोनाड्यांत मोडी कागदांचे रुमाल बांधलेले पडून असतील. घर पाडून नवी इमारत उभी करावयाच्या घाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे अथवा शासनाच्या पुराभिलेखागाराकडे ते दाखवा, मोडी जाणणाऱ्याकडून निदान एकवार वाचून घ्या, आणि मगच त्यांचे काय करावयाचे ते ठरवा.